घर देता येते काय?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे वापरून इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यातील क्रियापदाकडे आता कोणाचे लक्ष जात नाही. घर पाहावे ‘बांधून’, असे ती सांगते. ‘मिळवून’ असे सांगत नाही. ज्याने जोत्याच्या पहिल्या दगडापासून छपराच्या शेवटच्या ओळीपर्यंत खस्ता खाल्ल्या, त्यालाच घर म्हणजे काय ते कळते, हा जुन्या माणसांचा अनुभव तिच्यात साठलेला आहे. आता या म्हणीशेजारी आपल्या काळातील एक वेगळी भाषा ठेवून पाहावी. खेड्यापाड्यांत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे उभारणारी एखादी संस्था घ्या किंवा शासनाचे खाते घ्या. त्यांच्या वार्षिक अहवालातील वाक्ये साधारण सारखीच असतात. सरत्या वर्षी इतकी घरे मंजूर झाली, इतकी पूर्ण झाली, इतक्या घरांची दुरुस्ती झाली, इतक्या कुटुंबांना घरे देण्यात आली. म्हणीतील कर्ता हा घरात राहणारा आहे. अहवालातील कर्ता देणारा आहे आणि राहणारा चतुर्थी विभक्तीत जाऊन बसला आहे.

हा केवळ व्याकरणाचा मुद्दा असता तर त्यासाठी या त्रैमासिकाची पाने आम्ही अडवली नसती. ज्याला निवारा नाही त्याला निवारा मिळाला पाहिजे, याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अन्न देता येते, वस्त्र देता येते, औषध देता येते. त्याच अर्थाने घर देता येते काय? आणि येत नसेल, तर ज्याच्या हाती देण्याचे सामर्थ्य आहे त्याचे कर्तव्य नेमके कोणते?

आपल्या परंपरेत दानाचा विचार फार बारकाईने झाला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा विस्तृत परामर्श घेतला आहे. त्या विचाराचा गाभा असा की दान पुरे होण्यासाठी देणाऱ्याचे त्या वस्तूवरील स्वत्व संपावे लागते आणि घेणाऱ्याचे स्वत्व तेथे उत्पन्न व्हावे लागते. नुसते हातावर पाणी सोडून भागत नाही. घेणाऱ्याने ते मनापासून स्वीकारावेही लागते. गाईच्या बाबतीत हे सोपे आहे. ती एका दावणीतून दुसऱ्या दावणीला गेली की व्यवहार पुरा झाला. घराचे तसे नाही. घर कोणाच्या नावावर चढले म्हणून त्याचे झाले, असे होत नाही. चूल कोठे असावी, दार कोणत्या बाजूला उघडावे, शेजारी कोण असावा, जनावरे कोठे बांधावी, हे सर्व देणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. कागदोपत्री स्वत्व सुटते, पण देणाऱ्याची इच्छा भिंतींच्या रूपाने मागे उरते. मग घेणाऱ्याचे स्वत्व तेथे उत्पन्न केव्हा होते?

या प्रश्नाचा कस लागावा असा एक मोठा प्रसंग आपल्या मुलखाने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सरकारी हिशेबाप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली; इतर अंदाज याहून बरेच मोठे आहेत. हा सारा प्रदेश १९५६पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे हैदराबादेतील मराठी घरांत त्या सकाळी जी काळजी पसरली, ती दूरच्या आपत्तीची नव्हती. आपल्याच गणगोताची होती.

भूकंपशास्त्राच्या मापाने हा धक्का फार मोठा म्हणता येत नाही. माणसे मेली ती घरांमुळे. मराठवाड्यातील जुने माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे गुण सांगावे लागत नाहीत. रुंद दगडी भिंती, लाकडी खांबांवर तोललेले खण, त्यावर कडीपाट आणि वर मातीचा जाड थर. वैशाखाच्या उन्हात आत गारवा असे. रात्री वर अंथरूण टाकता येई, धान्य वाळवता येई. पण भिंत वस्तुतः दोन असत, एक आतली आणि एक बाहेरची. मध्ये दगडमातीचा भराव आणि दोहोंना आरपार बांधणारा दगड क्वचितच घातलेला. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पडे आणि पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत जाई. अशा रीतीने छपराचे ओझे वाढत गेले. भुई हलली तेव्हा भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि वरचा भार झोपलेल्या माणसांवर आला.

यातील दारुण विसंगती आम्हांला पुन्हा पुन्हा विचार करायला लावते. दरवर्षी माळवदावर माती टाकणारा माणूस घराची हेळसांड करीत नव्हता. उलट तो त्याची निगा राखीत होता. त्या निगेनेच घर घातक बनवले. म्हणजे आपल्या हाताने बांधलेले आणि आपुलकीने राखलेले घर चांगलेच असते, ही समजूत खरी धरता येत नाही. गरिबाला त्याचे त्याला बांधू द्या, त्याला सर्व कळते, असे म्हणून जे मोकळे होतात त्यांनी किल्लारीकडे पाहावे. आपलेपणाला ज्ञानाची जोड नसली तर तो जीव घेऊ शकतो.

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्यात एकाच आपत्तीला दोन अगदी वेगळी उत्तरे दिली गेली. सर्वाधिक हानी झालेल्या बावन्न गावांना नव्या जागी वसवायचे ठरले. तेथे शासनाने आणि देशभरातून पुढे आलेल्या दात्या संस्थांनी घरे बांधून दिली. घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. दुसरीकडे, ज्या हजाराहून अधिक गावांत घरे उभी होती पण तडकली होती, तेथे दीड लाखाहून अधिक घरे घरमालकांनी स्वतः दुरुस्त आणि मजबूत करायची होती. शासनाने पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे, सामान पुरवायचे आणि अभियंत्याने कसे करायचे ते दाखवायचे. एकच काळ, एकच मुलूख, एकच तिजोरी. पण एका ठिकाणी घर दिले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी घर करण्याचे साधन दिले गेले.

दिलेल्या घरांविषयी बोलताना न्याय सोडता कामा नये. उघड्यावर पडलेल्या हजारो कुटुंबांना त्यांनी पक्के छप्पर दिले. भिंतींच्या भयाने ज्यांची झोप उडाली होती त्यांना त्या घरांत झोप लागली. हे उपकार लहान नाहीत. तथापि नव्या गावांचा पुढे ज्यांनी अभ्यास केला, त्यांच्या नोंदींत काही गोष्टी पुनःपुन्हा येतात. जुने गाव दाट होते. नवे गाव चौकटी आखून कितीतरी पट पसरले. वेशीत बसून जी सोबत मिळे ती नव्या सरळ रस्त्यांवर हरवली, आणि पाणी, दिवे, गटारे राखण्याचा खर्च ग्रामपंचायतीला झेपेना. भावाभावांची घरे दूर पडली. नकाशात ढेलज नव्हती, गोठा नव्हता, कडबा आणि अवजारे ठेवायला जागा नव्हती. मग काय झाले? जे व्हायचे तेच झाले. लोकांनी पुढे पत्र्याची पडवी काढली, मागे चूल नेली, कुंपण घातले, जुन्या गावातील चिरे आणि तुळया गाडीत घालून आणल्या आणि त्यांतून खोली उभी केली. पाहणीस येणाऱ्यांपैकी काहींना हे विद्रूपीकरण वाटले. आमच्या मते, देणाऱ्याच्या हातून जे दान अपुरे राहिले होते ते तेथे पुरे होत होते. ज्या दिवशी घरातील बाईने चूल आपल्याला हवी तेथे मांडली, त्या दिवशी तिचे स्वत्व त्या घरात उत्पन्न झाले.

आता दुरुस्तीचे उत्तर पाहू. तेथे आरंभी काम पुढे सरकेना. ज्या घराने माणसे मारली त्याच प्रकारच्या घरात पुन्हा राहायचे, हा विचार लोकांना सहन होईना. शेजारच्या तालुक्यात सरकार नवे घर देते आणि आम्हांला मात्र डागडुजी सांगते, ही खंतही होती. लोकांपर्यंत माहिती पोचावी म्हणून गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने ते काम संघटित केले. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, दारे-खिडक्यांच्या वरून सिमेंटची सलग पट्टी का फिरवायची, माळवदावरची वर्षानुवर्षांची माती किती उतरवायची, हे या बायका आधी शिकल्या आणि मग घरोघरी सांगू लागल्या. हप्ता अडला तर का अडला ते विचारू लागल्या. गवंड्याने पट्टीत सळई कमी घातली तर काम थांबवू लागल्या. ज्यांना आजवर घराच्या बांधणीत पाणी मारण्यापलीकडे कोणी काही विचारले नव्हते, त्यांच्याकडे भिंतीचे ज्ञान आले.

दुरुस्त घर नव्या घराइतके छायाचित्रात शोभत नाही. त्याचे उद्घाटन होत नाही. वार्षिक अहवालात ‘दुरुस्ती’ची ओळ नेहमी ‘नवीन बांधकामा’च्या खालीच असते. पण नीतीच्या दृष्टीने पाहिले तर दुरुस्तीत एक गोष्ट आपोआप सांभाळली जाते: घरधनी कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. घर त्याचेच असते. बाहेरचा माणूस येतो तो पाहुण्यासारखा, काही शिकवतो, काही देतो आणि निघून जातो. मागे जे उरते त्यात त्याचा हात दिसत नाही, आणि त्याची शिकवण मात्र भिंतीत राहते. काम नीट झाले असेल तर पुढचा धक्का बसला तरी माणसे वाचतील, आणि गावात अशी माणसे असतील ज्यांना ती का वाचली ते ठाऊक असेल.

या अनुभवाचे मोल सात-आठ वर्षांनी कळले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला आणि तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. बडोद्याच्या वाचकांना त्या सकाळचा हादरा आठवत असेल. गुजरातेतही प्रथम सर्वाधिक हानी झालेली गावे हलवण्याचा विचार पुढे आला होता. बहुतेक गावांनी त्याला नकार दिला. मग शासनाने बव्हंशी असा मार्ग घेतला की पैसे घरमालकाच्या बँक खात्यात तीन हप्त्यांनी जावेत, प्रत्येक टप्प्यावर अभियंत्याने काम तपासावे, आणि बांधायचे कसे, कोठे व कोणाकडून ते मालकाने ठरवावे. सुमारे दोन लाख घरे अशा रीतीने उभी राहिली. बन्नीतील मातीचे गोल भुंगे पुष्कळ ठिकाणी भूकंपात टिकले होते. तो आकार नव्या बांधणीत काही ठिकाणी सुधारून घेतला गेला. आणि लातूर-उस्मानाबादच्या ज्या बायकांनी भिंतीचे ज्ञान मिळवले होते, त्यांतील काही गुजरातेत जाऊन तेथील बायकांना आपला अनुभव सांगत बसल्या. सात-आठ वर्षांपूर्वी ज्या अहवालातील ‘आपद्‌ग्रस्त’ होत्या, त्या आता शिकवणाऱ्या झाल्या. घराबरोबर माणसाला काय देता येते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

येथवर वाचून एखादा सुज्ञ वाचक म्हणेल की निर्णय सोपा आहे: घरे देऊ नका, साधने द्या. पण इतक्या सहज सुटावा असा हा प्रश्न नाही. स्वतः बांधण्याची मुभा ही ज्याच्या अंगात बळ आहे त्याच्यासाठी वरदान आहे. ज्या म्हातारीचे मुलगे मुंबईला गेले आणि परतले नाहीत, जिला गवंड्याशी हुज्जत घालता येत नाही, वाळूचा ट्रक कोणाला सांगायचा ते माहीत नाही आणि हप्ता बँकेत आला की चुलत्याची नजर ज्यावर पडते, तिला ‘तुमचे घर तुम्ही बांधा’ असे सांगणे म्हणजे आपले ओझे तिच्या डोक्यावर टाकणे होय. ज्याला स्वतःची जमीनच नाही त्याला बांधकामाचे पैसे देण्यात काय अर्थ? घर कशावर बांधायचे? स्वातंत्र्य दिले असे म्हणून हात झटकणे हा निष्काळजीपणाचा एक सभ्य प्रकार आहे. घर लादणारा निदान घर तरी देतो. हात झटकणारा काहीच देत नाही.

तेव्हा देणाऱ्याच्या कर्तव्याची सीमा वेगळ्या तऱ्हेने आखली पाहिजे. राहणारा माणूस जे स्वतः करू शकत नाही ते देणाऱ्याने पूर्णपणे करावे, आणि जे तो करू शकतो त्याला हात लावू नये. जमिनीचा निर्वेध हक्क, भूकंपाचे व पुराचे ज्ञान, प्रामाणिक तपासणी, वेळेवर येणारा पैसा, गावापर्यंतचे पाणी आणि रस्ता या गोष्टी एकट्या कुटुंबाच्या आवाक्यात नसतात. येथे देणाऱ्याने कसूर केली तर ती क्षमा करण्याजोगी नाही. चूल, उंबरठा, ओसरी, गोठा आणि शेजार या गोष्टी मात्र राहणाऱ्याच्या आहेत. ही रेषा प्रत्येक कुटुंबासाठी थोडी वेगळी पडते. म्हातारीसाठी ती पार उंबरठ्यापर्यंत सरकते. पण तेथेही चूल कोणत्या भिंतीला हवी, हे तिला विचारता येतेच.

देशातील ग्रामीण घरांच्या योजनेत ही जाणीव अंशतः आलेली दिसते. १९८५-८६मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेने ठेकेदाराला दूर ठेवून लाभार्थ्यानेच घर बांधावे असे म्हटले आणि घर बाईच्या किंवा पतिपत्नी दोघांच्या नावे असावे असा आग्रह धरला. २०१६मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घेतली. घराचे किमान क्षेत्र वीसवरून पंचवीस चौरस मीटर झाले आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरली गेली. त्या वेळी सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य ठरले, ते हप्त्यांनी थेट खात्यात जाऊ लागले आणि गवंड्यांना शिकवण्याची व्यवस्था झाली. मार्च २०२४पर्यंत २ कोटी ९५ लाख घरांचे उद्दिष्ट होते. त्याच वर्षी पुढील पाच वर्षांसाठी आणखी दोन कोटी घरांना मंजुरी मिळाली. हे आकडे पाहून कोणीही थक्क व्हावे.

परंतु या सर्व खटाटोपात माणसाला जे नाव मिळाले आहे ते ‘लाभार्थी’. हा शब्द आम्हांला सलतो. ज्याला लाभाची इच्छा आहे तो लाभार्थी. म्हणजे तो मागणारा झाला आणि त्याच्या मागणीपलीकडे त्याच्याजवळ काही आहे याचा या शब्दात मागमूस नाही. वास्तविक त्या मंजूर रकमेत घर क्वचितच पुरे होते. वाळू, वीट, लोखंड यांचे भाव चढले की कुटुंब दागिना मोडते, उसनवारी करते, आपली मजुरी फुकट घालते आणि मेव्हण्याला गवंडीकामाला बोलावते. त्या घरात शासनाचा वाटा असतो तसा कुटुंबाचाही असतो, आणि पुष्कळदा तो बरोबरीचा असतो. मराठीत अशा माणसाला एक फार सुंदर शब्द आहे: घरधनी. तो सरकारी अर्जात का बसू नये?

शब्दाइतकीच मोजदादही महत्त्वाची आहे. या योजनेत बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावर जागेची नोंद असलेले छायाचित्र काढले जाते: जोते झाले, भिंती झाल्या, छत पडले, घर पूर्ण. पैशाचा अपहार रोखण्यासाठी हे योग्यच आहे. मात्र शेवटचे छायाचित्र निघाले की घर अहवालाच्या दृष्टीने संपते, आणि राहणाऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशी ते सुरू होते. पहिला पावसाळा कसा गेला? चैत्रात सिमेंटच्या छताखाली माणूस दुपारी टेकतो की बाभळीखाली बाज टाकतो? दोन वर्षांनी घराला काय जोडले आणि काय पाडले? कर्ज फिटले काय? वर्षाच्या हिशेबात या गोष्टी येत नाहीत, कारण त्या एका वर्षात घडत नाहीत. म्हणून आम्हांला वाटते की ग्रामीण घरांचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने यंदाच्या घरांची यादी देताना पाच वर्षांपूर्वीच्या घरांचे काय झाले तेही त्याच पानावर छापावे. त्या एका स्तंभाने अहवाल कदाचित कमी देखणा होईल, पण अधिक खरा होईल.

घर पुरे करण्याचा हक्क राहणाऱ्याला ठेवावा, हे तत्त्व नकाशातही उतरवता येते, याची साक्ष इंदूरच्या वाचकांना आपल्या शहराजवळच सापडेल. ती वस्ती शहरी असली तरी तिचा धडा खेड्यालाही लागू आहे. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखलेली अरण्य ही वसाहत १९८९च्या सुमारास आकाराला आली आणि १९९५मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तेथे सुमारे साडेसहा हजार भूखंड होते. सर्वांत गरीब कुटुंबांसाठी पस्तीस चौरस मीटरचा तुकडा, त्यावर जोते, न्हाणी-संडास आणि पाण्याची सोय, इतकेच मुख्यतः दिले गेले. कसे वाढवता येईल हे दाखवण्यासाठी ऐंशी नमुन्याची घरे बांधली गेली. पुढे लोकांनी आपापल्या ऐपतीने मजले चढवले, जिने बाहेर काढले, दुकाने थाटली. नमुन्याच्या घरांपैकी काही पाडून नवी बांधली. ज्याचा नमुना पाडला गेला त्या वास्तुशिल्प्याचा हा पराभव नव्हे. त्याने मुद्दाम अपुरे सोडले होते, आणि त्या अपुरेपणात राहणाऱ्याविषयीचा आदर होता.

आपल्या घराण्यांच्या इतिहासातही या विचाराला आधार आहे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या चाकरीत ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे आले. काहींना जागा दरबाराकडून मिळाली, काहींनी विकत घेतली, काही भाड्याने राहिले. ज्यांना जागा मिळाली तेही एका अर्थी ‘लाभार्थी’च होते, परंतु त्यांच्या नातवंडांपैकी कोणी आपले घर दिलेले आहे असे म्हणत नाही. चौक आणि देवघर यांची कल्पना आपण बरोबर आणली. दगड, गवंडी आणि उन्हाळ्याशी वागण्याची रीत त्या त्या मुलखाने दिली. एका पिढीने माडी चढवली, दुसरीने न्हाणी हलवली, तिसरीने तबेल्याची बैठक केली. प्रत्येक फेरफाराबरोबर देणाऱ्याचे नाव पुसट होत गेले आणि राहणाऱ्याचे ठळक झाले. ही मुभा आपल्याला कोणी उपकार म्हणून दिली नाही; ती गृहीत होती. जी गोष्ट आपल्या वाड्यांच्या बाबतीत गृहीत धरली जाते, तीच पंचवीस चौरस मीटरच्या घरकुलाला नाकारण्याचे कोणते नैतिक कारण आपल्याजवळ आहे? घर लहान आहे म्हणून घरधन्याचा अधिकारही लहान व्हावा काय?

आपल्या मंडळांकडे अधूनमधून अशा कामासाठी वर्गणीची विनंती येते, आणि आपली माणसे हात आखडता घेत नाहीत. यापुढे अशी विनंती आली तर पैसे देण्यापूर्वी नम्रपणे चार गोष्टी विचारून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो. जमीन कोणाच्या नावावर आहे? घराचा नकाशा ठरवताना त्यात स्वयंपाक करणारी बाई बसली होती काय? तडा कसा बुजवायचा आणि खोली कशी वाढवायची, हे गावात कोणाला शिकवले? आणि पाच वर्षांपूर्वी बांधलेली घरे दाखवाल काय? या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर दारावर आपल्या संस्थेच्या नावाची संगमरवरी पाटी नको, असेही जाता जाता सांगून टाकावे. तेथे त्या घरच्या माणसाचे नाव लागू द्यावे.